लिलावातली जुनी सायकल

काही वर्षांपूर्वी ऑनलाइन लिलावात गिअरची जुनी सायकल बघत होतो. विक्रेता म्हणाला, "साइटवरून नको, पैसे थेट खात्यात टाका, दोन हजार कमी करतो."

ही चलाखी जुनीच. पिअर ओमिड्यारने १९९५मध्ये ईबे काढलं (नाव तेव्हा ऑक्शनवेब), आणि १९९६मध्ये एकमेकांना शेरे द्यायची सोय केली. भामटे त्याहून हुशार! फुटकळ वस्तू विकून चांगले शेरे जमवायचे, मग नसलेली महागडी वस्तू लिलावात टाकायची. त्यावर उपाय म्हणून माल मिळेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे ठेवायची पद्धत होती. ईबे इंडियाचं पैसापे त्यातलंच. तर चोरांनी खोटे मध्यस्थही उभे केले.

मी त्याच्याकडे फ्रेम नंबरचा फोटो मागितला. बहुतेक सायकलींना तो पेडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. उत्तर आलंच नाही.