काटा, कटाउट आणि काकांची बुलेट

जुलैमधल्या एका शनिवारी संध्याकाळी खंबाटकी घाट चढताना माझी बाईक बंद पडली. पाऊस, धुकं, मागे ट्रकची रांग. आधी हेडलाइट पिवळा झाला, मग मीटरची स्क्रीन चालू-बंद चालू-बंद करायला लागली, आणि मग इंजिन गप्प. दिवा नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. मागच्या ट्रकवाल्याला मी दिसलो म्हणून हे लिहितोय. असो.

चीड कशाची आली सांगू? बॅटरी जेमतेम पाच महिन्यांपूर्वी बदलली होती. त्या आधीची "बसली" म्हणून गॅरेजमध्ये नवी टाकून घेतली, पैसे मोजले, विषय संपला. आता गॅरेजवाल्याला फोन केला तर उत्तर तेच, "बॅटरी गेली असणार साहेब, नवीन टाकू." म्हणजे सर्व्हर क्रॅश झाला की रीस्टार्ट मारायचा आणि लॉग बघायचेच नाहीत, तशातली गत.

टेम्पोत बाईक टाकून साताऱ्याला काकांकडे पोचलो. काकांकडे सत्तरच्या दशकातली बुलेट आहे. त्यांनी कपडे बदलायलाही वेळ दिला नाही.

"चार्जिंग होतंय का बघितलंस?"

"काका, ते कसं बघायचं? बॅटरीचा दिवा वगैरे काही नाहीये हो."

"काटा नाही?"

"काटा नाही."

"मग लेका, तुला कळणार कसं?"

हा प्रश्न डोक्यात राहिला. दोन-तीन वीकेंड त्यावर वाचण्यात घालवले. बाईकवरच्या विजेचा इतिहास भलताच मजेदार निघाला, आणि माझ्या गाडीचं दुखणंही त्यातूनच सापडलं.

सुरुवात बॅटरीपासून करू. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे, मधे कापड, अशी गुंडाळी करून ती गंधकाच्या तेजाबात बुडवली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी ती हीच. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या संयुगांचा लगदा पत्र्यांवर थापायची युक्ती काढली, त्यामुळे बॅटरी तयार करणं सोपं झालं आणि तिची ताकदही वाढली. तुमच्या-माझ्या सीटखालच्या डब्यात आजही मूळ भानगड तीच आहे. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला लेड डायऑक्साइड. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही बाजूंना लेड सल्फेट साचतं, चार्ज केली की ते परत विरघळतं. पण उतरलेली बॅटरी तशीच ठेवून दिली की त्या सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग कितीही चार्ज करा, ते जात नाहीत. पावसाळाभर पार्किंगमध्ये उभी राहिलेली गाडी दिवाळीला सुरू होत नाही ती यामुळे.

पहिल्या मोटरसायकलींवर बॅटरी असली तरी तिला चार्ज करणारं काहीच नव्हतं! घरून चार्ज करून न्यायची, वाटेत ती उतरत जायची, आणि संपली की ढकला. दिव्यांसाठी तर वीज वापरायचेच नाहीत. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी सोडायचं, ॲसिटिलीन गॅस पेटवायचा, तोच हेडलाइट. या बॅटरीपासून सुटका केली मॅग्नेटोने. १८९७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या वर्कशॉपने द दिओं-बुतोंच्या तीनचाकीला मॅग्नेटो बसवून दाखवला. चुंबक, कॉइल आणि फिरणारं इंजिन, बस्स. १९०२ मध्ये त्याच बॉशकडच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला आणि ठिणगीचा प्रश्न अनेक वर्षांसाठी मिटला. मॅग्नेटोवाल्या गाडीला बॅटरीची गरजच नाही. इंजिन फिरतंय ना, मग ठिणगी पडतेय.

गोची झाली दिव्यांमुळे. रात्री सिग्नलला इंजिन मंद असतानाही दिवा हवा, म्हणजे वीज साठवायला हवी, म्हणजे पुन्हा बॅटरी. मग डायनॅमो आला. पण डायनॅमोचा एक वांधा आहे. इंजिन हळू चाललं की त्याचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली जातो आणि वीज उलटी वाहायला लागते. बॅटरी डायनॅमोलाच चालवायला बघते! म्हणून मधे एक रिले टाकायचे, व्होल्टेज पुरेसा असेल तेव्हाच जोडणारा आणि एरवी तोडणारा. तो कटाउट. आजच्या रेग्युलेटरलाही काही जुने मेकॅनिक "कटाउट" म्हणतात, ते नाव तिथून आलंय.

काकांच्या बुलेटमध्ये पॉइंटवाला इग्निशन आणि हेडलाइटच्या टोपावर तो प्रसिद्ध अँमीटर. चावी फिरवली की काटा थोडा उणेकडे झुकतो, कारण पॉइंट मिटलेले असतात आणि कॉइल बॅटरीतून करंट ओढत असते. आता किक हळूच दाबत न्या. एका जागी पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि काटा मधे येतो. याचा अर्थ पिस्टन वरच्या टोकाजवळ पोचलाय. मग डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि सपकन मारायची. काका हे बघता बघता करतात. मी केलं तेव्हा किकने उलटा तडाखा दिला आणि दोन दिवस लंगडत होतो. :-) पण विचार करा, एकच मीटर, चार्जिंग किती चाललंय तेही सांगतो आणि पिस्टन कुठेय तेही. आमच्या डॅशबोर्डवर फोनचं नोटिफिकेशन दिसतं, बॅटरीत करंट जातोय की येतोय ते दिसत नाही.

ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या दशकात डायनॅमोची जागा अल्टरनेटर घ्यायला लागला. ब्रश नाहीत, कॉम्युटेटर नाही, नुसता चुंबक कॉइलच्या मधे फिरतो. पण त्याला आवरायचं कसं? लुकास कंपनीचं पहिलं उत्तर फारच गावठी होतं. दिवे बंद असताना मोजक्याच कॉइल जोडायच्या आणि हेडलाइट लावला की सगळ्या. रेग्युलेटर म्हणजे चक्क दिव्याचं बटण! दिवसा लांब पल्ल्याला बॅटरी जास्त चार्ज होऊन पाणी उडायचं, रात्री गावात हळू चालवलं की उतरायची. म्हणूनच त्या स्विचवर इमर्जन्सीची एक जागा असायची, बॅटरी मेली असेल तर अल्टरनेटरची वीज थेट इग्निशनला द्यायची. (इंग्लंडमधले बाइकर या कंपनीला "अंधाराचा राजपुत्र" म्हणत, ते उगीच नाही.)

साठीच्या दशकात १२ व्होल्टच्या ब्रिटिश गाड्यांवर झेनर डायोड आला. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जादाची वीज तो स्वतःतून वाहू देतो आणि तिची उष्णता करून टाकतो. म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा जाडजूड तुकडा लावून वाऱ्याच्या तोंडी बसवायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ६ व्होल्ट सोडून १२ का? कॉलेजातलं गणित आहे. ३० वॉटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १२ वर अडीच. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम धरा. ६ व्होल्टच्या गाडीत तिथेच अर्धा व्होल्ट गेला, म्हणजे आठ टक्के. १२ च्या गाडीत पाव व्होल्ट, म्हणजे दोन टक्के. जुन्या गाड्यांचे दिवे मेणबत्तीसारखे दिसायचे त्यात बल्बइतकाच गंजलेल्या अर्थिंगचाही हात होता.

आपल्याकडे मात्र कित्येक वर्षं लोकांनी बॅटरी टाळण्यातच शहाणपण मानलं. आकुर्डीच्या बजाजची १९७२ ची चेतक आठवा. बऱ्याच चेतकना बॅटरीच नसायची. हेडलाइट ॲक्सिलरेटरवर नाचायचा, सिग्नलला हॉर्न कण्हायचा, पण गाडी तिरकी करून किक मारली की सुरू. १९८५ च्या यामाहा आरएक्स १०० मध्ये पॉइंट जाऊन सीडीआय आलं, तरी ठिणगीची वीज मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलमधूनच. बॅटरी काढून घरी ठेवली तरी किकवर चालेल.

फितुरी सुरू झाली ती सेल्फमुळे. १९८४ ची कायनेटिक होंडा बटणावर सुरू व्हायची आणि साडी नेसलेल्या बायकांना किक मारण्यापासून सोडवलं तिनेच, हे मान्य करायला हवं. २००१ च्या पल्सर १८० ला सेल्फ होता पण सोबत किकही होती. २००७ मध्ये आलेल्या पल्सर २०० आणि २२० ला किकच नव्हती. मग १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू, बंद करायचं बटणच गायब. आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन. म्हणजे पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, ईसीयू विजेवर. १९०२ साली मिटलेला प्रश्न आपण हौसेने परत आणला. पर्याय नव्हता, मायलेज आणि धूर दोन्हीसाठी तो बदल गरजेचाच होता. फक्त आता चार्जिंग थांबलं की काही वेळात इंजिन थांबतं, आणि ते घाटात थांबतं.

आता माझ्या गाडीकडे. काकांनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी मल्टीमीटर लावला तर १२.७ व्होल्ट. धडधाकट बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी. सेल्फ मारला तेव्हा दहाच्या खाली गेली नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष! मग इंजिन चालू करून चार हजार आरपीएमवर धरलं. इथे १३.८ ते १४.५ च्या मधे आकडा हवा. पंधरावर गेला तर रेग्युलेटर बॅटरीचं पाणी उकळवतोय असं समजा. माझा आकडा होता १२.३, आणि हळूहळू उतरत होता. चार्जिंग शून्य.

अल्टरनेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी रेग्युलेटरपासून सोडवल्या. इंजिन चालू ठेवून एसीवर दोन-दोनच्या जोड्या मोजल्या, तिन्हीवर साधारण सारखाच व्होल्टेज. इंजिन बंद करून वायर ते बॉडी बघितलं, कुठे शॉर्ट नाही. म्हणजे कॉइलही ठीक. आणि मग हातातल्या कनेक्टरकडे लक्ष गेलं. एक पिन तपकिरी, प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं.

इथे तो झेनर आठवा. आजच्या बहुतेक बाइकचे रेग्युलेटर अजून त्याच घराण्यातले आहेत, जादाची वीज कॉइलमध्येच शॉर्ट करून जिरवणारे. त्यामुळे कॉइल, वायर, पिना यांतून करंट कायम वाहत असतो. पिन जराशी सैल झाली की रोध वाढतो, तापते, तापली की अजून सैल होते. रेग्युलेटर आणि कनेक्टर दोन्ही बदलले, पिनांना नीट क्रिम्प केलं. चार हजारवर १४.२. हुश्श!

पहिली बॅटरीही बहुधा ठीकच होती. तिला कोणी मीटर लावलाच नाही, भंगारात गेली. निदान दुकानात परत गेली एवढं बरं. २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांना जुन्या बॅटऱ्या परत घेणं बंधनकारक केलं होतं, आता २०२२ चे नवे नियम आहेत. तरी शिसं उघड्यावर भट्टीत वितळवणारे आहेतच आणि त्याचा धूर आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात जातो. माझ्या आळसापायी एक चांगली बॅटरी त्या रस्त्याला लागली असती.

सध्या हँडलवर एक छोटासा व्होल्टमीटर लावलाय, इग्निशनच्या लाइनवर, म्हणजे चावी बंद असताना तो बॅटरी खाणार नाही. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आकडा नको, काटा पाहिजे. आणि येताना डिस्टिल्ड वॉटरची बाटली आण, बुलेटच्या बॅटरीत पाणी कमी झालंय."


शनिवारी जातोय. उजेडात.