सासूबाईंची गोळी आणि सशांचं ऋण



मागच्या दशलक्षण पर्वात आमच्या घरी एक पेच पडला. सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, पाऊल उचलायला वेळ लागतो. दिवसातून तीनदा लेवोडोपाची गोळी असते. उत्तम संयमाच्या दिवशी त्या बस्तीतून आल्या आणि गोळी बाजूला सारून म्हणाल्या, "औषधं आधी मुक्या जनावरांवर करून बघतात म्हणे. या गोळीपायी किती जीव गेले असतील गं? मला नको." दुसऱ्या दिवशी हात इतका आखडला की जपमाळ धरता येईना. ही गोळी अशी अचानक बंद करणं धोक्याचं असतं, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. पण सासूबाईंना उत्तर हवं होतं, दटावणी नको होती. म्हणून मी वाचायला बसले.

सासूबाईंची शंका खरी निघाली. गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्याच सर्पगंधेपासून सुरू होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचं जगाला दाखवून दिलं. पुढे 1952 मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग लेवोडोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. ही 1957 ची गोष्ट. मेंदूतलं डोपामिन कमी झालं की हालचाल थांबते, हे त्यातून उमगलं आणि पुढे सासूबाईंची गोळी आली. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं! माझ्या आजीच्या आळीत एका मुलाला ती घेताना मी पाहिलंय. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी 1911 च्या सुमारास कसौलीला तयार केली होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मग तो मेंदू वाटून फिनॉलने विषाणू मारायचा. मेंढी तर जायचीच, शिवाय त्या मेंदूच्या अंशामुळे काही माणसांना लकवाही व्हायचा. भारतात ही लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आज दंडात टोचतात ती लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होते. म्हणजे पेशी वाढवायला शिकल्यावर मेंढ्याही वाचल्या आणि माणसांचा धोकाही टळला.

तीच वाट आता मेंदूच्या आजारांपर्यंत आली आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराची आणि 2007 मध्ये माणसाची त्वचेची पेशी उलट मागे नेली, अगदी गर्भातल्या कोऱ्या पेशीसारखी केली. त्यासाठी गर्भ मोडावा लागत नाही. अशा कोऱ्या पेशीतून व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी 2013 मध्ये मानवी मेंदूच्या ऊतींचे वाटाण्याएवढे गोळे वाढवले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. जन्मतः डोकं लहान राहणाऱ्या एका रुग्णाच्या पेशींपासून केलेला गोळाही लहानच राहिला. हा दोष उंदरात नीट दिसत नव्हता. 2016 मध्ये झिका विषाणू बाळाच्या मेंदूचं काय करतो, हेही अशाच गोळ्यांवर कळलं. आपल्याकडे बेंगळुरूला निम्हान्स आणि तिथल्या इतर संस्थांनी मिळून, ज्या घरांत एकाहून जास्त माणसांना तीव्र मानसिक आजार आहे, अशांच्या रक्तातून या पेशी तयार केल्या आहेत. मार्च 2023 मध्ये भारत सरकारने नवीन औषधांच्या नियमांत बदल करून ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींना प्राण्यांवरच्या चाचण्यांना पर्याय म्हणून जागा दिली.

मग हिंसा संपली का? नाही, मैत्रिणींनो. खोटं समाधान मी देणार नाही. हे गोळे ज्या जेलीत वाढवतात, ती बहुधा उंदराच्या गाठीतून काढलेली असते. टिमोथी सिंड्रोम या दुर्मिळ आजारावरचं औषध 2024 मध्ये स्टॅनफर्डमध्ये तपासलं, तेव्हाही मानवी ऊती उंदरांच्या मेंदूत बसवल्या होत्या. आणि या गोळ्यात जीव मानायचा का, हा प्रश्न आहेच. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, डोळे-कान नाहीत, तो विचार करतो असा पुरावा नाही. पण पुढे गोळे मोठे होतील, तेव्हा हा प्रश्नही मोठा होईल. शास्त्रज्ञही त्यावर वाद घालत आहेत.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा सोडायची. बाकीची पूर्ण सुटत नाही, ती कमी करत जायची. मला हा सगळा इतिहास त्या "कमी करत जाण्याचा" वाटतो. मेंढीच्या मेंदूपासून पेशींच्या बाटलीपर्यंत, सशापासून वाटाण्याएवढ्या गोळ्यापर्यंत. वाट अर्धीच झाली आहे, पण दिशा बरोबर आहे. आपल्या घरातली मुलं-मुली फार्मसी, बायोटेक शिकतायत. प्राण्यांचा अंश नसलेली जेली शोधणं हे त्यांच्यासाठी धर्माचंच काम आहे, असं मी माझ्या लेकीला सांगितलं.

सासूबाईंना हे सगळं दोन दुपारी बसून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्या सशांचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, "आई, ते कुठं वाचायला मिळालं नाही." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

क्षमावाणीला सगळ्यांना हात जोडून झाल्यावर त्या पुन्हा देवघरात गेल्या. "कुणाची राहिली होती?" मी विचारलं.

"सशांची," त्या म्हणाल्या.