टॅलडेगाची शर्यत आणि बदली चालक



मोटारींच्या शर्यतीचा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. मी तो मोटारींसाठी घेतलेला नाही. १४ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टॅलडेगा येथे जी शर्यत झाली, ती माझ्या लेखी एका संपाची हकिकत आहे.

या खेळाचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू वाहणारे लोक बाहेरून साध्या दिसणाऱ्या मोटारींची यंत्रे आतून जोरकस करीत, म्हणजे पोलिसांची गाडी मागे पडावी. मग त्यांच्यातच चढाओढ लागे. बिल फ्रान्स नावाच्या एका गॅरेजवाल्याने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथे या धंद्यातली मंडळी जमवली आणि १९४८ साली नॅस्कार ही संस्था नोंदवली. १९ जून १९४९ रोजी तिने शार्लट येथे बाजारात मिळते तशाच मोटारींची पहिली शर्यत भरवली. पहिला आलेला ग्लेन डनवे तपासणीत बाद झाला, कारण मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. बक्षीस जिम रोपरला गेले. मोटारीचा मालक कोर्टात गेला. कोर्टाने संस्थेचाच अधिकार मान्य केला. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली: शर्यत फ्रान्सची, नियम फ्रान्सचे आणि निवाडाही फ्रान्सचाच.

युनियनचा पहिला प्रयत्न १९६१ साली झाला. कर्टिस टर्नर हा नामांकित चालक शार्लटच्या नव्या मैदानाच्या बांधकामात कर्जबाजारी झाला होता. टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या बलाढ्य युनियनकडून त्याने कर्जाची आशा धरली आणि मोबदल्यात चालकांना संघटित करण्याचे पत्करले. फ्रान्सने टर्नरला व त्याचा साथी टिम फ्लॉक याला तहहयात बंदी घातली. बाकीचे पांगले. १९६५ साली बंदी उठली, टर्नर परत आला आणि त्या वर्षी रॉकिंगहॅमची शर्यत जिंकला. पण युनियन मात्र परत आली नाही. आम्हां कार्यकर्त्यांना यात नवल वाटत नाही. जी युनियन पुढाऱ्याचे कर्ज फेडण्यासाठी जन्मते, तिच्यासाठी सभासद उपाशी राहत नाही.

१९६९ ची गोष्ट निराळी होती. ऑगस्टमध्ये चालकांनी स्वतःच संघटना काढली आणि रिचर्ड पेटीला अध्यक्ष केले. हा पेटी म्हणजे १९६७ च्या एका वर्षात २७ शर्यती जिंकलेला गडी. बक्षिसाचा वाटा, विमा, निवृत्तीनंतरची सोय, मैदानावर अंघोळीची जागा, असल्या साध्या मागण्या होत्या. इतक्यात टॅलडेगाचे नवे मैदान उघडले. वाटोळा मार्ग २.६६ मैलांचा, वळणावर ३३ अंशांचा चढ. सरावात मोटारी ताशी २०० मैलांच्या जवळ गेल्या आणि त्या वेगाच्या भाराने व उष्णतेने टायरांचे रबर सुटू लागले. फायरस्टोन कंपनीने आपले टायर मागे घेतले. गुडइयरने घाईने नवे मागवले. चालक म्हणाले, शर्यत पुढे ढकला. फ्रान्स नाही म्हणाला.

साठीला टेकलेला हा गृहस्थ स्वतः मोटारीत बसला, ताशी १७५ मैलांच्या आसपास वेगाने फिरून आला आणि मार्ग ठीक आहे असे सांगता झाला. हा देखावा मला ओळखीचा आहे. साहेब साच्यापाशी पाच मिनिटे उभा राहतो आणि खात्यात उकाडा नाही म्हणतो. पाच मिनिटे आणि पाळी यांत फरक असतो; एकट्याने मारलेली फेरी आणि गर्दीतले ५०० मैल यांतही तोच फरक.

शनिवारी बहुतेक नामवंत चालक मोटारी ट्रकवर चढवून निघून गेले. फ्रान्सने हलक्या वर्गातल्या मोटारी भरतीला घेतल्या, आणि प्रेक्षकांना याच तिकिटावर पुढची एक शर्यत पाहू देण्याचे कबूल केले. शर्यत झाली. जिंकला रिचर्ड ब्रिकहाउस. हाही संघटनेचा सभासद होता. सुरुवातीपूर्वी ध्वनिक्षेपकावरून त्याचा राजीनामा जाहीर झाला. चार्ली ग्लॉट्झबाख निघून गेला होता, त्याची नवी डॉज याच्या हाती आली.

गिरणीच्या भाषेत हा बदली कामगार. संप फोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. परंतु दारावर रोज उभा राहून ज्याला कधी चांगला साचा मिळाला नाही, त्याच्या पुढ्यात एक दिवस सर्वांत चांगला साचा येतो, तेव्हा त्याच्या मनात काय होते हे आम्ही विचारले पाहिजे. वरच्या दर्जाच्या शर्यतीत ब्रिकहाउस त्यानंतर पुन्हा कधीच जिंकला नाही. जी संघटना बदलीवाल्याला आपले मानत नाही, तिचा संप बदलीवालाच मोडतो.

चालकांची भीती खोटी ठरली, असे पुष्कळ लोक म्हणाले, कारण मोठा अपघात झाला नाही. पण वारंवार पिवळे निशाण दाखवून टायर बदलायला सवड दिली गेली, आणि विजेत्याचा सरासरी वेग ताशी १५४ मैलांच्या आतच राहिला. चालक जे मागत होते, त्यातले थोडे अशा रीतीने त्यांच्याच गैरहजेरीत दिले गेले. संघटना मात्र थोड्याच वर्षांत विरली.

३ मे १९८७ रोजी त्याच टॅलडेगावर बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, मोटार उडून प्रेक्षकांच्या जाळीवर आदळली आणि काही प्रेक्षक जखमी झाले. त्यानंतर १९८८ पासून तेथे यंत्रांची हवा कोंडणाऱ्या चकत्या बसवून वेग उतरवण्यात आला. हा ॲलिसन १९६९ च्या त्या शनिवारी निघून गेलेल्यांपैकीच एक. संपात हरलेल्या माणसाचे म्हणणे खरे होते, हे मान्य व्हायला अठरा वर्षे लागली. आपल्याकडे कित्येकदा त्याहूनही जास्त लागतात. म्हणून हरलेल्या संपांची टाचणे जपून ठेवावीत, इतकेच माझे सांगणे आहे.