गहू कुणाचा? मॉर्मन बायकांच्या मंडळाची गोष्ट

आज आपण लांबच्या बायकांकडे जाऊ या, थेट अमेरिकेत. तिथल्या युटा राज्यात मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची माणसं खूप आहेत. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली हा पंथ काढला. मॉर्मन म्हटलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, एका पुरुषाच्या अनेक बायका. ती चाल त्यांच्यात होती हे खरं, आणि ती सोडत असल्याचं त्यांनी १८९० साली जाहीर केलं. पण आम्ही आज या बायकांची गोष्ट सांगतोय ती वेगळ्या कारणाने. आपल्याकडे बचत गट हा शब्द यायच्या शंभर वर्षं आधी त्यांनी मंडळं काढली, दुकान घातलं, धान्याची कोठारं भरली. आणि मग ते धान्य नेमकं कुणाचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

आधी त्यांचं गाव कसं चालतं ते बघू. त्यांच्या एका वस्तीच्या मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. वॉर्डाचा प्रमुख बिशप. तो पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर शेती, मास्तरकी, दुकानदारी असं आपलं काम करतो आणि उरलेल्या वेळात वॉर्ड बघतो. काही वर्षांनी दुसऱ्याची पाळी. रविवारी प्रवचनही मंडळीतलेच कुणीतरी करतात, त्यात बायाही आल्या. प्रत्येकाने कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा. महिन्यातून एक रविवार दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी बिशपकडे द्यायचे. म्हणजे उपास आपल्यासारखाच, फक्त साबुदाण्याची खिचडी नाही.

बिशप मात्र पुरुषच होतो. बायकांचं मंडळ वेगळं, त्याचं नाव ‘रिलीफ सोसायटी’. त्याला अध्यक्षा, दोन सल्लागार, सचिव असतात. त्यांची निवडणूक होत नाही. बिशप नाव सुचवतो, मंडळी हात वर करून संमती देते.

हे मंडळ सुरू झालं ते शिवणकामातून. साल १८४२, गाव नावू, इलिनॉय राज्य. तिथे मंदिराचं बांधकाम चाललं होतं आणि मजुरांच्या अंगावर धड सदरे नव्हते. सारा किंबॉल या बाईंच्या घरी मार्गारेट कुक नावाची शिवणकाम करणारी बाई होती. ती म्हणाली, शिवायला मी आहे, कापड मिळायला हवं. सारा म्हणाल्या, कापड मी देते. मग शेजारणी आल्या, आपण मंडळच काढू असं ठरलं. त्यांनी एलायझा स्नो यांच्याकडून नियमावली लिहून घेतली आणि जोसेफ स्मिथना दाखवली. ते म्हणाले, छान लिहिली आहे, पण तुमच्यासाठी याहून चांगली व्यवस्था आहे, पंथाच्या रचनेत बसणारी. बायकांनी ते आनंदाने मानलं. १७ मार्च १८४२ ला एका दुकानाच्या माडीवर वीस बायका जमल्या, स्मिथ यांच्या पत्नी एमा अध्यक्षा झाल्या, एलायझा सचिव झाल्या आणि इतिवृत्ताची वही सुरू झाली. ती वही आजही जपून ठेवलेली आहे. आपल्या वह्यांचं काय होतं ते आपण जाणतोच!

बायकांची नियमावली मात्र बाजूलाच राहिली. त्या गोष्टीकडे पुन्हा येऊ.

दोन वर्षांत मंडळात तेराशेच्या वर बायका झाल्या. १८४४ साली जमावाने स्मिथ यांचा खून केला. पुढचे प्रमुख ब्रिगम यंग. एमाबाई बहुपत्नीत्वाच्या विरोधात होत्या आणि मंडळात तसं बोलतही होत्या. यंग यांनी १८४५ साली मंडळ बंद पाडलं. मग पुष्कळ मंडळी बैलगाड्यांतून युटाच्या माळावर गेली. तिथे १८६७ च्या अखेरीला त्याच यंग यांनी वॉर्डावॉर्डात मंडळं पुन्हा काढायला सांगितलं. गरज पडली तेव्हा बायका आठवल्या, असं आम्हाला तरी वाटतं.

सारा किंबॉल आता सॉल्ट लेक शहरातल्या पंधराव्या वॉर्डाच्या अध्यक्षा होत्या. ही बाई मुळातच हिशेबी. पूर्वी नावूला असताना त्यांना मंदिराला देणगी द्यायची होती, पण जवळ स्वतःचं काही नव्हतं, आणि नवरा तेव्हा पंथात आलेला नव्हता. मुलगा तीन दिवसांचा असताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, हा पोरगा हजार डॉलरचा तरी असेल ना? तो म्हणाला, असेल. मग निम्मा माझा ना? तोही हो म्हणाला. तर मग माझे पाचशे मी मंदिराला देते! नवऱ्याने ही गंमत स्मिथना सांगितली आणि शेवटी मंदिराजवळची जमीन दिली.

अशा या साराबाईंनी १८६८ साली मंडळाच्या स्वतःच्या इमारतीची पायाभरणी केली. खाली दुकान, वर सभेची जागा. दोघी दोघी बायका घरोघर टोपली घेऊन फिरायच्या. कुणी दोरा द्यायचं, कुणी पीठ, कुणी जुनं कापड. त्याच फेरीत कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाची चूल पेटत नाही, हेही कळायचं. याच माडीवर १८७० च्या जानेवारीत बायका जमल्या. बहुपत्नीत्वाविरुद्ध सरकार कायदा आणत होतं, त्याचा निषेध करायला. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण त्याच सभेत मतदानाचा हक्क मागायचा ठरावही झाला. पुढच्याच महिन्यात युटाच्या बायकांना तो मिळाला.

आता गव्हाची गोष्ट. १८७६ साली यंग यांनी एमेलिन वेल्स यांना बोलावून सांगितलं, दुष्काळासाठी धान्य साठवा. आधी हे पुरुषांना सांगून झालं होतं, पण ते साठवायचे नाहीत, विकून मोकळे व्हायचे. एमेलिनबाई बायकांचं वर्तमानपत्र चालवायच्या, त्यांनी त्यातून गावोगावी हाक दिली. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी कापणीनंतर शेतात सरवा वेचला. कुणी रविवारी घातलेली अंडी मंडळासाठी बाजूला काढून विकली. कोठारं बांधली. पोरकिडा आणि उंदीर त्यांनाही चुकले नाहीत. गरजू शेतकऱ्याला बियाण्यासाठी गहू उसना द्यायचा, सुगीला थोडा वाढवून परत घ्यायचा. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, तेव्हा या कोठारांतलं पीठ तिकडे गेलं. पुढच्या वर्षी चीनमधल्या दुष्काळालाही गेलं.

कोठार भरलं की त्याच्याकडे नजरा वळतात. काही बिशपांना वाटलं, गहू आमच्या वॉर्डातला, तर हुकूमही आमचाच. १८८० च्या दशकात पंथाचे तेव्हाचे प्रमुख जॉन टेलर यांना लिहून कळवावं लागलं की धान्य बायकांच्या मंडळाचं आहे, बिशपांचा त्यावर अधिकार नाही.

तरी १९१८ साल आलंच. पहिलं महायुद्ध चालू होतं, सरकारला गहू हवा होता. दोन लाख बुशेलांहून जास्त, म्हणजे साधारण ५४ हजार क्विंटल गहू सरकारला विकला गेला. ठरवलं कुणी? पंथाच्या मुख्य बिशपांच्या कचेरीने. एमेलिनबाई तेव्हा नव्वदीत होत्या, सगळ्या मंडळाच्या अध्यक्षा होत्या, आणि त्यांना आधी विचारलंही नव्हतं. गहू द्यायला बायकांची ना नसती. दुखलं ते न विचारण्याचं. नंतर बिशपांनी माफी मागितली. १९१९ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन सॉल्ट लेकला आले, तेव्हा ते स्वतः एमेलिनबाईंना भेटून आभार मानून गेले. गव्हाच्या पैशाचं व्याज मंडळांनी बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी वापरलं. हा खर्च आम्हाला फार आवडला.

पुढे बायकांनी प्रत्येकी पाच डॉलर काढून सॉल्ट लेकमध्ये मंडळाची मोठी इमारत उभी केली, तिचं उद्घाटन १९५६ ला झालं. पण १९७० च्या सुमाराला पंथाने सगळा कारभार एकत्र केला. मंडळाची वेगळी वर्गणी गेली, स्वतःचा निधी गेला, मासिक बंद झालं. आता खर्चाचा पैसा वॉर्डाकडून येतो. अध्यक्षांचं काम संपलं नाही. वॉर्डातलं घर अडचणीत आलं तर स्वयंपाकघरात बसून काय आहे, काय नाही, हे बघायला अध्यक्षा जात आल्या आहेत, यादीही त्या करत आल्या आहेत. सही बिशपची.

उरलेला गहू, २,६६,२९१ बुशेल, मंडळाने १९७८ साली पंथाच्या मदत विभागाकडे दिला. या वेळी तो प्रस्ताव मंडळाच्या अध्यक्षा बार्बरा स्मिथ यांनी स्वतः सभेत उभं राहून मांडला.