पैशापैशाचा भाव : भ्रमणध्वनीच्या दरांची कहाणी

वर्ध्याहून नागपूरकडे जातांना पवनार ओलांडलें कीं पुढें सेलू हें तालुक्याचें गांव लागतें. सभोंवार कपाशीचा मुलूख. घरांतलीं तरुण मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्या-मुंबईकडे गेलेलीं. मागें शेती आणि म्हातारीं माणसें. अशा गांवाला दूरच्या माणसाशीं बोलणें ही चैन नसून गरज असते. या गरजेचा भाव कोणी ठरविला, कोणाकडे पाहून ठरविला आणि तो खालीं आला तो कोणामुळें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांत लहान व नवख्या कंपन्यांचा वाटा फार मोठा आहे. आणि त्या कंपन्या मात्र आज नाहींशा झाल्या आहेत.

दूरच्या निरोपाला दोन तऱ्हांनीं किंमत लावतां येते. एक अंतर मोजून, दुसरी अंतराकडे न पाहतां. १८५४ सालीं हिंदुस्थानच्या टपालखात्यानें दुसरी तऱ्हा स्वीकारली. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. मग तें शेजारच्या गांवीं जावो कीं कलकत्त्याला. दूरध्वनि मात्र पहिल्या तऱ्हेनें चालला. सेलूपासून थोड्याच अंतरावर सेवाग्रामचा आश्रम आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळांत गांधीजींशीं बोलतां यावें म्हणून बसविलेला दूरध्वनि तेथें जपून ठेवला आहे. खेड्यांत तार पोहोंचली ती सरकारच्या निकडीसाठीं. खेडुताच्या निकडीसाठीं ती पोहोंचावयास पुढें अर्धें शतक लोटलें. १९८० नंतर पिवळ्या पाट्यांचीं एस.टी.डी. केंद्रें गांवोगांवीं निघालीं. तेथें रात्रीं उशिरां चौथाई दर लागे, म्हणून लोक जेवणें आटोपून रांगेंत उभे राहत. यंत्र रिकामें असेल तेव्हां स्वस्त विकावें, हें व्यापाराचें तत्त्व लोकांना त्या रांगेंत समजलें.

भ्रमणध्वनीवरून देशांतलें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. कलकत्त्याहून बंगालचे मुख्य मंत्री ज्योति बसू हे दिल्लींत दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. मुंबईंतहि त्याच वर्षीं मॅक्सटच व बीपीएल या कंपन्यांनीं सेवा सुरू केली. गर्दीच्या वेळीं मिनिटाला १६ रुपयांच्या वर आकार पडे, आणि तो बोलावणाऱ्याला तसाच ऐकणाऱ्यालाहि द्यावा लागे. साहजिकच ज्याच्या खिशांत तो फोन वाजे, तो आधीं घड्याळ पाही. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून वेगळें परिमंडळ ठरविण्यांत आलें होतें. सेलू त्यांत मोडे. परिमंडळाच्या लिलांवांत कंपन्यांनीं सरकारला भरमसाट ठरीव रकमा देऊं केल्या होत्या, आणि त्या ग्राहकाकडूनच वसूल होणार होत्या. १९९९ च्या धोरणानें ठरीव रकमेऐवजीं उत्पन्नाचा हिस्सा घेण्याचें ठरविलें, तेव्हां कोठें भाव उतरण्यास वाट मोकळी झाली.

खरा पालट १ मे २००३ पासून झाला. त्या दिवसापासून ज्यानें बोलावलें त्यानेंच पैसे द्यावे, ऐकणाऱ्यानें नव्हे, असा नियम लागू झाला. त्याच वर्षीं जुलैंत रिलायन्सनें ५०१ रुपयांत हातीं फोन देण्याची योजना काढली. आतां गरिबालाहि फोन बाळगणें परवडूं लागलें. करणें मात्र अजून महागच होतें. त्यांतून ‘मिस्ड कॉल’ची लोकविद्या निपजली. एकदां घंटी वाजली म्हणजे पोहोंचलों, दोनदां वाजली म्हणजे परत फोन कर. असे करार घराघरांत ठरले. ज्या संभाषणाचा दाम नव्हता, तेंच सर्वांत अधिक चालूं लागलें.

येथून नव्या व लहान कंपन्यांचा अध्याय सुरू होतो. मोठ्या कंपन्यांशीं सरळ सामना करण्याचें बळ नसल्यामुळें त्यांनीं एकेका वर्गाकडे लक्ष वळविलें. मार्च २००८ मध्यें टाटांच्या साह्यानें आलेल्या व्हर्जिन मोबाइलनें तरुणांना गांठलें. ऐकणाऱ्याला मिनिटामागें १० पैसे देण्याची तिची योजना ऐकून लोक चकित झाले. त्यांत दानधर्म नव्हता. एका कंपनीचा निरोप दुसरीच्या ग्राहकाला पोहोंचला म्हणजे पहिलीनें दुसरीला त्या वेळीं मिनिटाला ३० पैसे द्यावे असा नियम होता. व्हर्जिननें त्या ३० पैशांतील दहा ग्राहकाच्या पदरांत टाकले, एवढेंच.

दुसरें उदाहरण जून २००९ मधील टाटा डोकोमोचें. तोंपर्यंत एकसष्ट सेकंद बोललें तरी आकार दोन मिनिटांचा होई. किराण्याच्या दुकानीं सव्वा शेर मागितलें असतां दोन शेरांचे पैसे घेणारा वाणी गांवांत टिकता ना; परंतु येथें तीच रीत होती. या कंपनीनें सेकंदाला १ पैसा असा दर लावला आणि मोजण्याचें मापच बदललें. कांहीं महिन्यांतच मोठ्या कंपन्यांना तें माप उचलावें लागलें.

तिसरें उदाहरण युनिनॉरचें. नॉर्वेच्या टेलिनॉरनें डिसेंबर २००९ मध्यें भारतांत ही सेवा सुरू केली. ज्या मनोऱ्यावर त्या वेळीं गर्दी कमी, तेथें बोलणाऱ्याला सूट अधिक, अशी तिची योजना होती. एस.टी.डी. केंद्रापुढची रात्रीची रांग आणि ही सूट यांचें तत्त्व एकच. फक्त घड्याळाच्या जोडीला ठिकाणहि आलें. ‘सबसे सस्ता’ हेंच ब्रीद घेऊन तिनें अल्प मिळकतीचा ग्राहक मुख्य मानला.

परंतु थोडक्या नफ्यावर उभा राहिलेला व्यापार धक्के सोसूं शकत नाहीं. २ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १२२ परवाने रद्द केले. त्यांत युनिनॉरचेहि होते. नव्या लिलांवांत महाराष्ट्र परिमंडळ तिनें पुन्हां मिळविलें, मुंबई मात्र सोडावी लागली. आणि २०१८ मध्यें ती एअरटेलमध्यें विलीन झाली. केवळ मुंबईपुरती असलेली लूप, म्हणजे जुनी बीपीएल, नोव्हेंबर २०१४ मध्यें परवान्याची मुदत संपतांच बंद पडली. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं आलेल्या जिओनें बोलण्याचा वेगळा आकारच काढून टाकला, आणि पैशापैशानें स्पर्धा करणाऱ्यांच्या पायांखालची जमीन सरकली.

यांत लाभ कोणाचा झाला? बोलणाऱ्याचा निःसंशय झाला. पण सेलूच्या घरांत बसून मुलाच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईचा हिशेब निराळा आहे. तिला बोलावयाचें थोडें, ऐकावयाचें पुष्कळ. २००३ च्या नियमानें तिला जवळजवळ फुकट ऐकण्याचा हक्क दिला होता. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनीं फोन चालूं ठेवण्यासाठींच २८ दिवसांना ३५ रुपयांची अट घातली. जुलै २०२४ च्या दरवाढींत एअरटेलचा २८ दिवसांचा प्राथमिक दर १७९ वरून १९९ रुपयांवर गेला. त्यांत आंतरजालाचा वांटाहि गुंफलेला होता, तिला तो हवा असो वा नसो. डिसेंबर २०२४ मध्यें नियामक प्राधिकरणानें फक्त बोलणें व संदेश यांसाठीं वेगळी योजना ठेवणें कंपन्यांना बंधनकारक केलें, तें अशाच ग्राहकांसाठीं.

लहान कंपन्यांनीं भावाचीं मापें बदललीं, तीं मोठ्यांनीं उचललीं, आणि बदलणारे नाहींसे झाले. सेकंदाचें माप त्यांच्यामागें कांहीं काळ टिकलें. थोडें बोलणाऱ्याकडे पाहून भाव बांधण्याची दृष्टि मात्र टिकली नाहीं. जें बाजारांत चढाओढीनें साधत होतें, तें आतां नियमानें साधावें लागत आहे. पुण्याहून येणारी घंटी सेलूच्या घरीं वाजत राहावी, एवढीच त्या नियमाची कसोटी आहे.