हिरवळीवरील दोन यंत्रे
इंग्लंडमधील हिरवळी एके काळी लांब दांड्याच्या कोयत्याने, गवत दवाने ओले असतानाच कापीत. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगने लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्राची युक्ती गवतास लाविली आणि गवतकापणीचे यंत्र जन्मास आले. ते माणसाने ढकलावयाचे होते.

पुढे अमेरिकेत घरांची आवारे विस्तारली आणि माणूस यंत्रावर बसला. १९६३-६४ च्या सुमारास कॅन्ससमध्ये जॉन रेगिअर यांनी दोन दांड्यांनी चालणारे यंत्र बनविले. एकेका दांड्याच्या ताब्यात एकेक मागचे चाक; एक पुढे, दुसरे मागे फिरविताच यंत्र जागच्या जागी वळते. झाडांभोवतीचे गवत ते चपळाईने कापते. जपानच्या लहान शेतांत वाढलेला कुबोटाचा छोटा ट्रॅक्टर १९६९ मध्ये तेथे पोहोचला. वळावयास त्याला अधिक जागा लागते. परंतु तो गवत कापतो, माती वाहतो, बर्फही हटवितो.

उतारावर मात्र चपळाई महागात पडते. त्या यंत्राची पुढची चाके मोकळी फिरतात; मागच्यांची पकड सुटली की दिशाही सुटते. आडव्या उतारावर ट्रॅक्टरही कलंडतो. म्हणून घेणाऱ्याने आधी आपली जमीन पाहावी, मग यंत्र.