सीए-१२५ (गर्भाशय कर्करोगातील)

गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग गर्भाशयाबाहेर पसरला असण्याची शक्यता शस्त्रक्रियेपूर्वी अजमावण्यासाठी रक्तात मोजले जाणारे ग्लायकोप्रथिन (→ अर्बुद, कर्करोग). अमेरिकेत रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशोधनात ओसी-१२५ या प्रतिपिंडाच्या साहाय्याने ते ओळखले. ते एमयूसी-१६ या श्लेष्मप्रथिनाचा भाग असल्याचे नंतर दिसून आले.

रक्तातील प्रचलित मर्यादा मिलिलिटरमागे ३५ एकके आहे. रोग गर्भाशयापुरता असताना पातळी बहुधा या मर्यादेत राहते. तो लसीका ग्रंथी, अंडाशय किंवा पर्युदरात पोहोचल्यास ती अनेकदा वाढते. मात्र मासिक पाळी, गर्भारपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस व यकृताच्या विकारांतही ती वाढते. भारतात पोटाचा क्षयरोग विशेष ध्यानात घ्यावा लागतो: पोटात पाणी साठून पातळी शेकड्यांत जाते आणि चित्र कर्करोगासारखेच दिसते (→ क्षयरोग). उलट, लसीका ग्रंथींत सूक्ष्म प्रसार असूनही आकडा सामान्य राहू शकतो. एचई-४ या दुसऱ्या दर्शकावर एंडोमेट्रिओसिसचा परिणाम सहसा होत नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास मात्र तो चढतो.

लसीका ग्रंथी काढाव्यात का, हे ठरवताना या चाचणीला एमआरआयची जोड दिली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी पातळी वाढलेली असल्यास उपचारानंतरच्या पाठपुराव्यातही ती मोजतात. निरोगी स्त्रियांच्या चाळणी तपासणीसाठी ती निरुपयोगी आहे. रोगाचा टप्पा १९८८ पासून मुख्यतः शस्त्रक्रिया व ऊतक-परीक्षणावरून ठरवला जातो (→ ऊतक-परीक्षा).